वेनमशिवाय 'स्पायडर-मॅन ३': स्वतः केलेली काटछाट सात महिने पाहिल्यावर

'स्पायडर-मॅन ३' मधून वेनम हा खलनायक कापून मी घरच्या घरी स्वतःची आवृत्ती केली. निकाल आधीच सांगून टाकतो. पहिली ऐंशी-पंच्याऐंशी मिनिटं मूळ सिनेमापेक्षा सरस झालीत, शेवट मूळपेक्षा लंगडा झालाय. आणि तो लंगडा का झाला, हे कळायला मला तीन आवृत्त्या कराव्या लागल्या.

२००७ चा हा सिनेमा १३९ मिनिटांचा आहे आणि त्यात खलनायकांची गर्दी आहे: वाळूचा झालेला चोर सँडमॅन, बापाचा सूड घ्यायला निघालेला हॅरी (पीटरचा, म्हणजे स्पायडर-मॅनचा, मित्र) आणि एडी ब्रॉक नावाच्या माणसावर परग्रहावरचा काळा चिकट जीव चढून झालेला वेनम. दिग्दर्शक सॅम रेमीला वेनममध्ये फारसा रस नव्हता, निर्माते अवी अराड यांच्या आग्रहाने तो आत आला, ही गोष्ट आता सगळ्यांना माहीत आहे. पडद्यावरही ते जाणवतं. पाहुणा जेवायला उशिरा यावा आणि सगळ्यांनी पाटावरून सरकून त्याला जागा करून द्यावी, तसा तो येतो. म्हटलं, उठवूया याला.

२०१७ मध्ये याच सिनेमाची 'एडिटर्स कट' आली होती. काही प्रसंगांची जागा बदललेली, क्रिस्टोफर यंगचं आधी न वापरलेलं संगीत घातलेलं, लांबी दोनेक मिनिटांनी कमी. पण वेनम जागच्या जागी.

गंमत म्हणजे वेनमचं काम करणारा टोफर ग्रेस स्वतःच दुसऱ्यांचे सिनेमे घरी पुन्हा कापायच्या या छंदातला माणूस. 'स्टार वॉर्स'च्या तीन प्रीक्वेलचे त्याने मिळून ८५ मिनिटं केले आणि २०१२ मध्ये बोलावलेल्या मोजक्या लोकांना दाखवले. म्हणजे मी ज्याला कापतोय, त्याने निदान कात्रीबद्दल तक्रार करू नये.

सुरुवातच फजितीने झाली. मूळ चित्र सेकंदाला २३.९७६ फ्रेमचं, मी प्रोजेक्ट उघडला २४ वर. फरक नगण्य वाटतो, पण सिनेमाच्या शेवटाला आवाज आणि चित्र यांत आठ सेकंदांचं अंतर पडलं. पीटरच्या प्रेयसीचे, मेरी जेनचे, ओठ आधी हलायचे, बोलणं मागाहून यायचं. दोन आठवड्यांचे कट फेकून पुन्हा पहिल्यापासून बसलो. कुणी करायला घेणार असेल तर पहिल्या दिवशी हा आकडा तपासा, मग चहा प्या.

चित्र कापणं सोपं आहे, खरं घोडं अडतं ते आवाजात. क्रेनचा प्रसंग घ्या. वर पीटरची वर्गमैत्रीण ग्वेन लटकलेली, खाली रस्त्यावर पुढे वेनम होणारा छायाचित्रकार एडी ब्रॉक कॅमेरा घेऊन तिच्या वडिलांशी, कॅप्टन स्टेसीशी, बोलतोय. एडी फ्रेममध्ये आहे तेवढं कापलं, पण त्याच्या बोलण्याखालून पार्श्वसंगीत चालू असतं. कट मारला की संगीत उचकी लागल्यासारखं थांबतं. ५.१, म्हणजे सहा चॅनेलच्या, आवाजात संवाद बहुतेक मधल्या चॅनेलवर असतात. तो बंद केला, डावा-उजवा ठेवला, तर संगीत वाचतं, पण त्याच मधल्या चॅनेलमधली रस्त्यावरची गडबडही जाते आणि गर्दी एकदम मुकी होते. मग दोन मिनिटं पुढचा सायरन आणि कल्लोळ आणून खाली अंथरायचा. आवाज आणि संगीत वेगळं करणारी एआय साधनंही वापरून पाहिली. गर्दीत चालून जातात, शांत प्रसंगात मात्र माणूस पाण्याखालून बोलतोय असं वाटतं. सव्वा मिनिटाच्या त्या प्रसंगाला माझ्या अकरा संध्याकाळी गेल्या.

घंटाघराचा कट मात्र मनासारखा जमला. तो परग्रही जीव आधी काळा पोशाख होऊन पीटरला चिकटलेला असतो; पीटर तो अंगावरून ओरबाडून काढतो, घंटेच्या आवाजाने तो चिकट जीव तडफडतो. मूळ सिनेमात तो खाली चर्चमध्ये आलेल्या एडीवर पडतो आणि एडीचा वेनम होतो. मी एडीला चर्चमध्ये येऊच दिलं नाही. घंटेचा शेवटचा टोला पडतो, त्याचा नाद सहा सेकंद ताणला, आणि तो घुमत असतानाच आपण पीटरच्या खोलीवर येतो. बस. वाईट गोष्ट अंगावरून उतरली, पुढे तिचं काय झालं हे कुणी विचारत नाही. आतापर्यंत चार जणांनी पाहिलं, एकानेही विचारलं नाही.

या भागात सँडमॅन किती मोठा होतो! त्याच्या जन्माचा तो जवळपास निःशब्द प्रसंग, वाळूतून उठायचा प्रयत्न, मुलीचं लॉकेट हातात धरायची धडपड, आणि मग निसटणारी बोटं. मूळ सिनेमात हे मनात मुरायच्या आत एडीची कटकट सुरू होते. आता मुरतं.

मग येतो शेवट. पहिल्या आवृत्तीत मी मेरी जेनचं अपहरण आणि त्यातून होणारी शेवटची मारामारीच उडवली. माझ्या भाचीने शांतपणे विचारलं, "मामा, हॅरीचं काय झालं?" उत्तर नव्हतं. दुसऱ्या आवृत्तीत शेवटची मारामारी परत आणली, पण सँडमॅन आणि हॅरी यांच्यापुरती. टॅक्सीच्या प्रसंगात जाळ्यावर स्पायडर-मॅनला आव्हान लिहिलेलं असतं आणि त्यात 'आम्हाला' (वेनम आणि सँडमॅन) असं अनेकवचन आहे, त्यामुळे तो शॉट मध्येच तोडला. जिथे वेनम फ्रेमच्या कडेला होता तिथे चित्र मोठं करून त्याला बाहेर ढकललं. १३० टक्क्यांपुढे गेलं की चित्र भुरकट दिसायला लागतं, म्हणून हा उपाय बेतानेच वापरला.

आणि करायला गेलो गणपती, झाला मारुती. हॅरीला मारणारा वेनमच गायब, त्यामुळे हॅरी झेप घेतो, पीटर किंचाळतो, पुढे हॅरी मरणाच्या दारात. मारलं कुणी? मैदानात उरलाय एकटा सँडमॅन. खुनाचं बालंट थेट त्याच्या गळ्यात. त्यानंतर पीटर त्याला माफ करतो तेव्हा भाची म्हणाली, "हा वेडा आहे का?" बरोबर होतं तिचं. मी वेनमला फालतू समजत होतो, पण सिनेमात त्याचं एक काम होतं: सगळं पाप स्वतःकडे घेणं, म्हणजे दुसऱ्याला माफी मिळू शकेल. त्याला काढलं की पाप काही जात नाही, जो उरला त्याच्यावर चढतं.

म्हणून तिसऱ्या आवृत्तीत हॅरी मरत नाही. मित्राच्या मदतीला येतो, सँडमॅनला थोपवतो, आणि त्यानंतर दिसत नाही. अंत्यविधी गेला. माफीचा प्रसंग राहिला. शेवटचा क्लबमधला नाच पीटरने मेरी जेनवर हात उचलला होता त्यानंतरचा समेट म्हणून चालून जातो, उलट जास्तच बोचतो. लांबी आली ११२ मिनिटं. किंमत अशी की दोन मित्रांची गोष्ट, जी तीन सिनेमे चालली, ती अधांतरीच सुटते. हे ठिगळ आहे आणि ते ठिगळच दिसतं.

सात महिन्यांत ही आवृत्ती मी सहा वेळा पाहिली. आता माझी पद्धत अशी: घंटाघरापर्यंत माझी, तिथून पुढे मूळ डिस्क. त्यामुळे कुठूनही न येता वेनम अचानक उगवतो, हे मला मान्य आहे.

एक व्यवहाराची गोष्ट. डिस्क स्वतःची विकत घेतलेली असावी आणि या कामाचे पैसे घेऊ नयेत, हा या छंदातला जुना संकेत. त्याने कायद्याची परवानगी मिळते असं मात्र नाही, म्हणून माझी फाइल घराबाहेर गेलेली नाही, मागू नका. प्रोजेक्टची प्रत दोन ठिकाणी ठेवा. माझी एक हार्ड डिस्क चौथ्या महिन्यात गेली, दुसरी होती म्हणून हे लिहितोय.

मारामारीत एका ठिकाणी वेनमचा खांदा अकरा फ्रेम राहून गेलाय. अर्ध्या सेकंदाहून कमी. भाचीला सांगूनही दिसला नाही. मी मात्र दर वेळी त्याच्या अर्धं मिनिट आधीपासून सरसावून बसतो.