पॅरिसची वनस्पती बाग: आधी लामार्कला भेटा

बारावीला उत्क्रांती शिकवताना डार्विनच्या आधीचा फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्क एका तासात आटपतो. जिराफाची मान ताणून ताणून लांब झाली आणि तो बदल पिल्लांकडे गेला हे त्याचं म्हणणं सांगायचं, जर्मन जीवशास्त्रज्ञ वाइसमानने उंदरांच्या शेपट्या छाटून ते कसं खोडलं हे सांगायचं, की लगेच डार्विन. या माणसाला इतकं थोडक्यात उरकणं मला नेहमीच खटकत आलंय. म्हणून पॅरिसला लेकाकडे गेले तेव्हा आयफेलच्याही आधी झार्दां दे प्लांत, म्हणजे तिथली वनस्पती बाग गाठली.

ऑस्टरलिट्झ स्टेशनसमोरच्या फाटकातून आत शिरलं की समोरच लामार्कचा पुतळा. १८०९ च्या त्याच्या ग्रंथाला शंभर वर्षं झाली तेव्हा उभारलेला. चौथऱ्यावर ‘उत्क्रांती सिद्धांताचा संस्थापक’ असं कोरलंय. पण मागे जाऊन बघाच. तिथे आंधळा, म्हातारा लामार्क बसलाय आणि मुलगी त्याला सांगतेय की पुढच्या पिढ्या तुमचं कौतुक करतील, तुमच्यावरच्या अन्यायाची भरपाई करतील, बाबा. वाचताना माझे डोळे भरून आले.

१७९३ मध्ये इथे संग्रहालय स्थापन झालं आणि पन्नाशीला टेकलेल्या या वनस्पतितज्ज्ञाच्या वाट्याला किडे आणि कृमी आले. त्या दुर्लक्षित ढिगाची त्याने नीट वर्गवारी लावली. अपृष्ठवंशी हा गट आपण आजही शिकवतो, तो त्याचाच. सजीवांचं एक स्वतंत्र शास्त्र हवं, हेही त्याने १८०२ मध्येच मांडलं.

जवळच हाडांचं दालन आहे, १८९८ चं. शेकडो सांगाडे एकाच दिशेला तोंड करून उभे, जणू मिरवणूक निघालीय. इथे लामार्कचा विरोधक, हाडांचा अभ्यासक क्युव्हिए याचा दरारा जाणवतो. इजिप्तहून आलेल्या ममींमधले पक्षी आजच्यासारखेच आहेत, मग प्राणी बदलतात कुठे, असा त्याचा सवाल होता. लामार्कचं उत्तर मला फार आवडतं: तिथलं हवामानच बदललं नाही, तर पक्षी कशाला बदलतील? वर्गात हा वाद जरूर सांगा, मुलं सरसावून बसतात.

उत्क्रांतीच्या मोठ्या दालनात पंधराव्या लुईचा गेंडा चुकवू नका. बंगालमधल्या चंद्रनगरहून १७७० मध्ये व्हर्सायला पोचलेला, म्हणजे आपल्याकडचाच.

बाग फुकट आहे. दालनांची तिकिटं मात्र वेगवेगळी, आणि मंगळवारी दालनं बंद असतात. वेळ एकाच दालनापुरता असेल तर हाडांचंच निवडा. जीवशास्त्राच्या शिक्षकांना तर मी आग्रहाने सांगेन.