जुनी मशीनं दुरुस्त केली, दोन टाकली: आठ महिन्यांचा अनुभव

पंचवटीत जुना वाडा उतरवला की निघणारं सागवान मी विकत घेतो आणि त्याची टेबलं, बाकं, देव्हारे करतो. लाकूड असं की नव्यात मिळणार नाही. पण त्याच्या पोटात घडीव खिळे दडलेले असतात आणि त्यांचा मार मशीनांना बसतो. गेल्या दिवाळीनंतर महिनाभरात तीन मशीनं बंद पडली: १३ एमएमचं हॅमर ड्रिल (१४ वर्षं वापरलेलं), ८२ एमएमचा इलेक्ट्रिक रंधा (९ वर्षं) आणि चार इंची ग्राइंडर (६ वर्षं). तिन्ही नवी घ्यायची तर १२-१३ हजार रुपये. दुकानदार म्हणाला, "काका, इतकी जुनी मशीनं, कशाला खर्च करता?" मी आधी तिन्ही उघडून पाहायचं ठरवलं.

सगळ्यात जुनं ड्रिलच सगळ्यात निरोगी निघालं. जाळीतून ठिणग्या दिसत होत्या आणि टपली मारल्याशिवाय चालू होत नव्हतं. कारण एवढंच, की कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे छोटे ठोकळे) झिजून पाच एमएमवर आले होते. कार्बन आखूड झाला की स्प्रिंग त्याला नीट दाबत नाही आणि मग ठिणग्या कॉम्युटेटर, म्हणजे कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल, खायला लागतात. माझा कॉम्युटेटर अजून सगळीकडून सारखा तपकिरी होता, खड्डे पडले नव्हते. कार्बनची जोडी, मागचं ६०८ नंबरचं बेअरिंग, नवी वायर, मजुरीसकट ४२० रुपये. नवे कार्बन कॉम्युटेटरच्या गोलाईवर बसावेत म्हणून पहिली दहा मिनिटं मोकळं चालवलं. तेव्हापासून भिंतीत, लोखंडात, लाकडात रोज चालतंय, तक्रार नाही.

रंध्यात मात्र मी चुकलो. त्याच्या कॉम्युटेटरच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्या काळ्या पडल्या होत्या आणि चालू केला की ठिणगी पूर्ण गोल फिरायची. म्हणजे आर्मेचरचं (मोटरच्या फिरत्या भागाचं) आतलं वायंडिंग, तारेची गुंडाळी, गेलेलं, कार्बन बदलून उपयोग नाही. कंपनीचं आर्मेचर १,९०० रुपये, वायंडिंग करून ७००. मी १,२०० रुपये वाचवायला गेलो. पहिल्याच दिवशी हाताला झिणझिण्या आल्या आणि रंधलेल्या फळीवर बारीक लाटा दिसायला लागल्या. मिनिटाला पंधरा-सोळा हजार फेरे घेणारं आर्मेचर कारखान्यात वायंडिंगनंतर मशीनवर बॅलन्स करतात. माझं हाताने गुंडाळलेलं होतं, बॅलन्स कुणी तपासलाच नव्हता, आणि गुंडाळीवरचं वार्निशही वरवरचं. तीन महिन्यांत, ऐन होळीच्या सुमारास, आधी बेअरिंग वाजायला लागलं आणि आठवड्यात वायंडिंग परत जळालं. एका गिऱ्हाईकाचं आठ फुटी टेबल अर्ध्यावर अडकलं. त्यांना तारीख पुढे मागताना जीव कानकोंडा झाला.

मग कंपनीचं आर्मेचरच बसवलं. सोबत दातेरी पट्टा बदलला आणि पत्र्याच्या झाकणाऐवजी रबरी सील असलेली बेअरिंगं घेतली, कारण सागाचा भुसा पिठासारखा बारीक असतो, फटीतून आत जातो. आता रंधा नव्यासारखा चालतो, पण सगळं मिळून खर्च नव्याच्या निम्म्यावर गेला. तरी तो टाकला नाही, कारण खालची प्लेट सरळ आहे. स्टीलची पट्टी आडवी धरून उजेडात पाहिलं, कुठून उजेड येत नव्हता. प्लेट वाकलेली असती तर आर्मेचरवर एक रुपयाही घातला नसता.

ग्राइंडरची मोटर ठणठणीत होती, तरी तोच काढून टाकला. गिअरच्या डब्यात बेअरिंगची बैठकच झिजली होती. नवं बेअरिंग घातलं तरी आत फिरणार आणि डिस्क डगमगणार. त्यात स्विच कधीकधी बंदच व्हायचा नाही. मिनिटाला ११,००० फेऱ्यांवरची डिस्क हातात आणि स्विच अडकलेला, हा धोका मी पुन्हा घेणार नाही. डबा, स्पिंडल (डिस्क फिरवणारा दांडा), स्विच आणि हरवलेलं गार्ड मिळून १,६०० होत होते. नवा २,६०० ला मिळाला, दाबून धरला तरच चालणारा स्विच असलेला. हात सुटला की बंद. वायर आखूड आहे, एवढंच खुपतं. घेण्याआधी मेन रोडच्या दोन दुकानांत त्याचे कार्बन आणि आर्मेचर मिळतं का ते विचारून आलो होतो. तुम्हीही विचाराच.

या तिन्हींशिवाय बॅटरीचं जुनं १२ व्होल्टचं ड्रिलही होतं, ते दुरुस्तीच्या पलीकडे गेलेलं. त्यातले दहा निकेल-कॅडमियम सेल मेले होते आणि नवे सेल, मजुरी धरून हिशेब जमेना. त्याच्या जागी १८ व्होल्टचं लिथियमचं घेतलं. खोक्यावर २० किंवा २१ व्होल्ट छापलेलं दिसलं तर जास्त पैसे देऊ नका, आत तेच पाच सेल असतात; पूर्ण चार्ज असतानाचा आकडा छापतात इतकंच. आणि जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नका, कॅडमियम विषारी असतं. मी ई-कचरा घेणाऱ्याकडे दिली.

परवा पावसाला सुरुवात झाली तेव्हा ड्रिलचे कार्बन काढून मोजले. अजून अकरा एमएम आहेत. रंध्याचा पट्टाही पाहिला, दात शाबूत आहेत. ते आठ फुटी टेबल वैशाखात पोचवलं.