चाउडरमध्ये दूध घालावं की नारळाचा रस?

तिसऱ्या, म्हणजे लहान शिंपल्या, कशा धुवायच्या, वाळू कशी काढायची, हे कोकणात कोणाला सांगायला नको. घरी त्यांचं चाउडर, म्हणजे शिंपल्या-बटाट्याचं दाट सूप, करायचं ठरलं की घोडं अडतं ते दाटपणावर. दूध आणि साय घालायची, की नारळाचा दाट रस? मी दोन्ही करतो, आणि माझा कल एका बाजूला आहे. पण आधी दुसऱ्या बाजूचं सांगतो, कारण तिचं म्हणणं हलकं नाही.

मूळ पदार्थ अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरचा, न्यू इंग्लंडचा. खारवलेलं डुकराचं मांस परतायचं, त्याच्या चरबीत कांदा, मग बटाटा, शिंपल्या आणि त्यांचं पाणी, शेवटी दूध किंवा क्रीम. ह्या दुधाचा मोठा गुण असा की ते मागे राहतं. तिसऱ्या उघडताना जे खारं पाणी सुटतं, जे फडक्यातून गाळून जपायचं असतं, त्याची चव दुधात जशीच्या तशी लागते. नारळ मुळात गोड. कितीही बेताने घाला, तो आपलं अस्तित्व दाखवतोच. बाहेर कुठे चाउडर खाल्लंय आणि घरी तीच चव हवीय, अशा माणसाने दूधच घ्यावं, मी अडवणार नाही.

कामही दुधात कमी. खवणायला नको, वाटायला नको, चोथा पिळायला नको. जुलैत वीज गेली की मिक्सर बंद, तेव्हा तर दुधासारखी सोय नाही. फाटायची भीती असते, पण लोण्यात चमचाभर मैदा भाजून त्यावर दूध ओतलं, टोमॅटो-कोकम लांब ठेवलं आणि उकळी फुटू दिली नाही, तर सहसा फाटत नाही. बुडाला मात्र लागतं, त्यामुळे टोपाजवळून हलता येत नाही. एवढं सांभाळलं की दुधाचं चाउडर उत्तम होतं. बेकरीचे कडक बटर त्यात कुस्करून टाकले तर आणखी उत्तम.

मग माझं अडलं कुठे? तर घरच्या पंगतीत.

आमच्याकडे माशात दूध चालत नाही. आईला नाही, आत्याला नाही, शेजारच्या काकींनाही नाही. चरकसंहितेत मासे आणि दूध हा विरुद्ध आहार म्हणून सांगितला आहे. आईने काही ती वाचलेली नाही, तिच्याकडे ते तिच्या आईकडून आलं. अर्धं जग मासे दुधात शिजवून खातं हे मी तिला सांगितलं आहे. तिने शांतपणे ऐकून घेतलं. वाटी समोर ठेवली की ती आधी वास घेते, मग विचारते, "दूध घातलंस काय रे ह्याच्यात?" हो म्हटलं की वाटी दोन बोटांनी हळूच पुढे सरकवते. "माका नको. तुमी खावा." आणि भातावर सकाळचं सार घेते. रागवत नाही, कुरकुर करत नाही. मला तेच जास्त लागतं. बाजारात जाऊन तिसऱ्या निवडून तिनेच आणलेल्या असतात.

यावर उपाय म्हणून दोन टोप करून बघा, म्हणजे त्रास कळेल. दूध घालायच्या आधी अर्धं बाजूला काढायचं, ते पातळच राहतं आणि आजाऱ्याला द्यायच्या पेजेसारखं दिसतं. दोन शेगड्या अडकतात. एका टोपातला डाव दुसऱ्यात गेला की आईच्या वाटणीचंही बाद. वाढताना प्रत्येक जण विचारतो, ह्यातलं कुठलं? एकाच टोपातून सगळ्यांना वाढता येत नसेल तर एवढा खटाटोप करून काय मिळवलं, असं मला वाटतं. चव, कष्ट, खर्च यांचा हिशोब मी केला होता, पण निर्णय लागला तो ह्यावर.

नारळाच्या रसात टोप एकच राहतो. एका मोठ्या, जून नारळात चौघांचं होतं. शहाळं चालत नाही आणि खवट निघालेला नारळ सरळ टाकून द्यावा. कोमट पाणी घालून वाटायचं, पहिला दाट रस वेगळा ठेवायचा, दुसऱ्या पातळ रसात बटाटा शिजवायचा. चार-पाच फोडी टोपाच्या कडेला डावाने चेचायच्या, कमी वाटलं तर चमचाभर तांदळाचं पीठ पाण्यात कालवून लावायचं. मैद्याची गरज पडत नाही. तिसऱ्या आणि त्यांचं गाळलेलं पाणी घातलं की गॅस अगदी बारीक करून दाट रस ओतायचा, वाफ दिसली की बंद. मीठ त्यानंतर, चाखून. तिसऱ्यांचं पाणीच इतकं खारट असतं की बऱ्याचदा लागतही नाही.

आता कोणी म्हणेल, हे तर तिसऱ्यांचं कालवण झालं. हळद, मालवणी मसाला, भाजक्या खोबऱ्याचं वाटण घातलं तर होईलच. ते घालायचं नाही. कांदा, लसणाची एखादी पाकळी, भरपूर काळी मिरी, बस्स. आणि डुकराच्या मांसाच्या जागी सोडे, म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी. मूठभर सोडे धुऊन, कोरडे करून, थोड्या तेलात मंद आचेवर परतायचे. रंग लालसर झाला, वास घरभर सुटला की अर्धे खलबत्त्यात कुटून कांद्यात घालायचे, अर्धे वरून भुरभुरायचे. नारळाचा गोडवा सोड्यांच्या ह्या खारट, उग्र चवीने आवरतो. सोड्यांशिवाय नारळाचं चाउडर मी कोणाला सुचवणार नाही.

शिवाय मूळच्या लोकांतही एकमत नाहीच. न्यूयॉर्कचे मॅनहॅटनवाले दुधाऐवजी टोमॅटो घालतात, आणि त्यावरून १९३९ साली न्यू इंग्लंडमधल्या मेन राज्याच्या विधिमंडळात चाउडरमध्ये टोमॅटो घालायला बंदी करणारं विधेयक मांडलं गेलं होतं. तिथे टोमॅटो टिकला, तर कोकणात नारळाला कोणी हरकत घेऊ नये.

उरलेल्याच्या बाबतीत मात्र दूध थोडं सरस. दुसऱ्या दिवशी ते घट्ट होतं, पण जरा दूध घालून मंद आचेवर पुन्हा नीट होतं. नारळाचं फ्रीजमध्ये वर थिजतं आणि घाईने तापवलं तर तेल सुटतं. म्हणून ते बेताचंच करावं, घावन्यांबरोबर त्याच रात्री संपेल इतकं. घरी माशात दूध सगळ्यांना चालत असेल तर हा सगळा हिशोब बदलू शकतो, हेही मान्य. पण खवणायचा कंटाळा म्हणून पाकिटातला रस आणणार असाल, तर त्यापेक्षा दूध बरं. त्या रसाने दाटपणा येतो, पण ताज्या नारळाची चव काही येत नाही, निदान माझ्या जिभेला तरी.