ब्रेस टाकू का आधी शॉकप सरळ करू?

पाचोऱ्याचा मामेभाऊ विचारतोय, जुन्या मोटरसायकलचं हँडल साठच्या पुढे थरथरतं, फोर्कला (म्हणजे पुढच्या चाकाच्या दोन शॉकपना) ब्रेस टाकू का अलाइनमेंट करू, म्हणजे ते सरळ करून घेऊ. अरे भो, दोघांचं कामच वेगळं आहे.

ब्रेस म्हणजे दोन्ही शॉकपचे खालचे भाग एकमेकांना बांधणारी जाड पट्टी. शॉकपच्या नळ्या बारीक असल्या आणि डबलसीट औट्रम घाटात वळणं घ्यायची असली तर पीळ कमी होतो हे खरं, पण शॉकप आधीच वाकडे बसलेले असतील तर तो वाकडेपणा तसाच जखडून टाकतो, मग फोर्क अडकत चालतो आणि ऑइल सील (तेल अडवणारं रबर) लवकर जातं. अपसाइड डाउन फोर्कवाल्यांनी (जाड नळी वर, बारीक खाली) सहसा नादच सोडा.

खर्चाचं म्हणाल तर ब्रेस विकत घ्यावा लागतो, मापात नाही बसला की लेथवाल्याकडे खेटे. अलाइनमेंटला नुसती मजुरी, पाने असले तर तीही नाही. अॅक्सलचा (चाकाच्या दांड्याचा) आवळणारा पिंच बोल्ट, मडगार्डचे आणि खालच्या टीचे (दोन्ही नळ्या धरणाऱ्या पट्टीचे) बोल्ट ढिले करायचे, गाडी चार-पाच वेळा दाबायची, नळ्या आपापल्या जागी येतात, मग कसायचं. नळीच वाकली असेल तर हे चालणार नाही, काढून सपाट काचेवर लोळवून बघा. आणि हो, बॉल रेसर (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) अन् टायर आधी तपासा, निम्मी थरथर तिथेच सापडते.

गाडी पडली असेल, चाक सरळ अन् हँडल तिरकं असेल तर अलाइनमेंटच. सगळं सरळ असूनही वळणावर पुढचा भाग पिळतोय असं वाटलं, तेव्हाच ब्रेस.