समुद्राचं पाणी तपासायचंय, पण मोजायचं काय?

पर्यटन हंगामाच्या तोंडावर गोव्यातले शॅकवाले (किनाऱ्यावर झोपडीवजा हॉटेलं चालवणारे) वर्गणी काढून समोरचं पाणी तपासायचं ठरवतात, आणि चर्चा थेट खर्चावर घसरते. आधी जंतू कुठला मोजायचा ते ठरवा.

मलजन्य कोलिफॉर्मची, म्हणजे विष्ठेतून येणाऱ्या जंतूंची चाचणी सगळ्यांच्या ओळखीची. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा समुद्रस्नानाचा निकषही तिच्यावरच बेतलेला: १०० मिलिलिटरमागे १००. नळ्यांच्या पद्धतीनं निकालाला दोन-तीन दिवस लागतात. तेही चाललं असतं, पण खाऱ्या पाण्यात आणि उन्हात हे जंतू लवकर मरतात, सांडपाण्यातले विषाणू मात्र त्यांच्यामागेही टिकून राहतात. बागा किंवा कोलव्याच्या किनाऱ्यावर भर दुपारी बाटली भरा. आकडा गोड येईल, पोट बिघडायचं ते बिघडेलच.

एन्टेरोकोकाय हे विष्ठेतलेच दुसरे जंतू त्या मानानं चिवट. पोहणाऱ्यांच्या जुलाब-उलट्यांशी त्यांचंच प्रमाण जास्त जुळतं, म्हणून अमेरिकेची पर्यावरण संस्था १९८६ पासून समुद्रासाठी तेच मोजायला सांगते. तिथली सरासरी मर्यादा १०० मिलिलिटरमागे ३५. युरोपात एन्टेरोकोकाय आणि ई. कोलाय (कोलिफॉर्मपैकीच एक) दोन्ही मोजतात. तयार किट वापरलं तर ४१ अंशांवर ठेवून २४ तासांत निकाल मिळतो. मात्र ओल्या वाळूत, कुजक्या शेवाळात हे जंतू मुक्काम ठोकतात. एकदा आकडा फुगला म्हणून लगेच शेजाऱ्याच्या सेप्टिक टाकीकडे बोट दाखवू नका.

तीन-चार तासांत उत्तर देणारी जनुकीय चाचणीही आहे. शिकागो शहर ती वापरतं. वर्गणीच्या पैशांत ते जमायचं नाही.

पंचायतीशी किंवा मंडळाशी भांडायचं असेल तर कोलिफॉर्म, कारण कागदावर तोच चालतो. गिऱ्हाइकाला पाण्यात उतरू द्यायचं का, एवढंच ठरवायचं असेल तर एन्टेरोकोकाय. एकाच चाचणीचे पैसे जमले तर मी एन्टेरोकोकायचीच घेईन.

बाटली शॅकसमोर भरू नका (तिथलं पाणी बहुतेक बरंच निघतं). वहाळ (ओढा) समुद्राला मिळतो तिथं, ओहोटीला, सकाळी लवकर भरा. कंबरभर पाण्यात, फूटभर खालून, निर्जंतुक बाटलीत. मग बर्फात ठेवून सहा तासांत प्रयोगशाळेत पोचवा. काणकोणसारख्या दूरच्या टोकाला असणाऱ्यांनी आधी गाडीचं जमवावं.

आणि ऑक्टोबरात अवेळी मोठी सर कोसळली तर चाचणीची वाट न बघता दोन-तीन दिवस पोहणं बंदची पाटी लावा. निकाल येईल तो पाऊस पडला त्या दिवसाच्या पाण्याचा.