नोकरी नाही, पासपोर्ट कोरा: पहिला व्हिसा कुठला मागावा?

सध्या नोकरी नाही, म्हणून पर्यटक व्हिसा मिळणारच नाही, असं खाली दिलेल्या कुठल्याच देशाच्या नियमात लिहिलेलं नाही. पण प्रत्येक देशाची तपासणी वेगळी असते. व्हिएतनामला फॉर्म बिनचूक हवा, शेंगेन देशांना (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) आणि ब्रिटनला कागद हवेत, अमेरिकेला समोर उभं राहून दिलेली उत्तरं हवीत. यातलं तुमच्याकडे काय भक्कम आहे, त्यावर निवड करा.

नुसतं फिरायचं असेल तर व्हिएतनाम सर्वांत सोपं. ई-व्हिसा एका प्रवेशासाठी 25 डॉलर, अनेक प्रवेशांसाठी 50 डॉलर, मुदत 90 दिवसांपर्यंत. पासपोर्टच्या माहितीच्या पानाचा आणि चेहऱ्याचा फोटो चढवायचा. बँक स्टेटमेंटची गरज नाही. घोळ होतो तो नावात. आपल्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये बहुधा वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही असतं. फॉर्ममध्ये ते गाळलं की व्हिसा आणि पासपोर्ट जुळत नाहीत आणि चेक-इन काउंटरवरच अडवणूक होते. भरलेलं शुल्क परत मिळत नाही. सरकारी वाटाव्यात अशा खासगी साइट्स याच कामाचे दुप्पट-तिप्पट पैसे घेतात, तेव्हा पत्ता नीट वाचा.

थायलंड आणि मलेशियाने भारतीयांना व्हिसामाफी दिली, म्हणून पुष्कळजण पहिल्यांदा तिकडेच वळतात. (सवलत आणि तिचे दिवस बदलत राहतात, ती अजून चालू आहे का ते तिकिटाआधी बघून घ्या.) व्हिसाची कटकट नसली तरी प्रश्न आपल्याच विमानतळावर विचारले जातात. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ (काही देशांत नोकरीसाठी जाण्याआधी सरकारी तपासणी हवी) असा शेरा असतो आणि ईसीआरच्या 18 देशांच्या यादीत हे दोन्ही देश आहेत; व्हिएतनाम नाही. शिवाय नोकरीच्या आमिषाने थायलंडमार्गे म्यानमारमधल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर नेलेल्या शेकडो भारतीयांना मार्च 2025 मध्ये हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं. त्यामुळे एकट्याने निघालेल्या बेरोजगार तरुणाला इमिग्रेशनवर चार प्रश्न जास्त पडले तर नवल नाही. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग छापील स्वरूपात हातात ठेवा.

शेंगेनला खरी मेहनत लागते. शुल्क 90 युरो, वर अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचा सेवा आकार. किमान 30,000 युरोंचा प्रवास विमा सक्तीचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निदान 15 दिवस आधी तरी करावाच लागतो. निर्णयाला साधारण 15 दिवस लागतात, ते 45 पर्यंतही लांबू शकतात. जिथे जास्त रात्री राहणार त्याच देशाकडे अर्ज करायचा. अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून भलत्याच देशाकडे अर्ज टाकून बेत मात्र पॅरिसचा दाखवला, तर अर्ज तिथेच फसतो.

नोकरीच्या रकान्यात सरळ बेरोजगार असल्याचं लिहा. गृहिणी असाल तर गृहिणी लिहा, त्यात कमीपणा नाही. एजंटाने ‘करून दिलेलं’ नोकरीचं पत्र जोडू नका. कंपनीला एक फोन गेला की सगळं उघडं पडतं. त्याऐवजी एका पानाचं पत्र द्या: नोकरी कधी सुटली, आता काय चाललंय, खर्च कोण करणार, परत कधी येणार. सोबत रिलिव्हिंग लेटर आणि मागची आयकर विवरणपत्रं. खर्च आई-वडील करणार असतील तर त्यांचं हमीपत्र, बँकेच्या सही-शिक्क्याचं स्टेटमेंट, विवरणपत्रं आणि नात्याचा पुरावा. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलीने वडिलांचा खर्च दाखवताना विवाह प्रमाणपत्र विसरू नये.

खात्यात आठवड्यापूर्वी अचानक तीन लाख आले असतील तर ते शिलकीपेक्षा संशयच वाढवतात. पीएफ काढला असेल किंवा एफडी मोडली असेल, तर त्याची पावती लावा. सातबारा लावायचा तर इंग्रजी भाषांतरासह लावा, पण त्याच्यावर फार भिस्त ठेवू नका. जमीन तुम्ही नसतानाही जागेवरच राहते. परत येण्याचं कारण हवं ते तारखेचं: रुजू होण्याची तारीख असलेलं ऑफर लेटर, कोर्सचा प्रवेश, परीक्षेचं हॉल तिकीट.

ब्रिटनला जवळपास हेच कागद लागतात, फक्त ते ऑनलाइन चढवायचे. सहा महिन्यांच्या व्हिसाचं शुल्क एप्रिल 2025 मध्ये 127 पौंड झालं होतं; सध्याचं अर्जाआधी बघून घ्या. नकार आला तर कारण नीट लिहून देतात, शेंगेनसारखं छापील यादीत खुणा करून नव्हे. तो कागद पुढच्या अर्जासाठी फार उपयोगी पडतो. अपील मात्र नाही, पुन्हा पैसे भरून नवा अर्ज. आधीचे नकार, कुठल्याही देशाचे, फॉर्ममध्ये विचारले जातात. लपवाछपवी फसवणूक ठरली तर 10 वर्षांची बंदी येऊ शकते.

अमेरिकेचा कायदा प्रत्येक अर्जदार तिथे स्थायिक व्हायलाच निघालाय असं धरून चालतो, आणि तसं नाही हे तुम्ही दाखवायचं. नेहमीच्या नकाराचं कलम 214(बी) ते हेच. शुल्क 185 डॉलर, डीएस-160 हा ऑनलाइन अर्जाचा फॉर्म, आधी बोटांचे ठसे, मग मुलाखत. मुंबईत ती बीकेसीतल्या वकिलातीत होते. मुलाखत काही मिनिटांची, फाइल बहुतेकदा उघडलीही जात नाही. तिकडच्या भावाचं निमंत्रणपत्र निर्णयात धरलं जात नाही, म्हणजे शेंगेनला कामी येणारा प्रायोजक इथे जवळपास निरुपयोगी. मिळालाच तर व्हिसा बहुधा 10 वर्षांचा, म्हणून मोह होतो. पण ‘सध्या काय करता?’ याचं डीएस-160शी जुळणारं, एका वाक्यातलं उत्तर तयार नसेल तर ते 185 डॉलर तूर्त राखून ठेवा. वडिलांचे कागद चोख असतील आणि परतीची तारीख बांधलेली असेल तर आधी शेंगेन. दोन्ही नसेल तर व्हिएतनाम, आणि बाकीचे अर्ज नोकरी लागून सहा पगार खात्यात दिसल्यावर.