लिलीच्या कंदांत माझे २,३४७ रुपये गेले

आधीच सांगते, बागकाम मला नवीन नाही. अकरा वर्षं गच्चीत कुंड्या आहेत, निशिगंध दरवर्षी फुलतो. म्हणूनच हे जास्त जिव्हारी लागलंय.

नोव्हेंबरात मोबाईलवर जाहिरात आली. ‘हॉलंडचे’ ओरिएंटल लिलीचे कंद, पाच रंग, २० नग १,८९९ रुपये, कुरिअरचे १४९ वेगळे. पाचांत एक रंग निळा. एशियाटिक असो की ओरिएंटल, या लिलीत निळा रंग नसतोच, हे मला माहीत होतं! तरी वाटलं, नवी जात काढली असेल. ऑफर रात्री बारापर्यंतच, घरात पाहुणे, विचारायला वेळ कुठे होता? पैसे पाठवताना नर्सरीऐवजी कुणा भलत्याच माणसाचं नाव दिसलं, तेही मी सोडून दिलं. तुम्ही सोडू नका. नाव जुळलं नाही तर तिथेच थांबा.

पार्सल उघडलं तर वर्तमानपत्रात गुंडाळलेले सुपारीएवढे कंद, वर तपकिरी पापुद्रा. खऱ्या लिलीच्या कंदाला पापुद्रा नसतो. मांसल, पांढरट खवले एकमेकांवर बसलेले असतात, आणि तो ओलसर भुशात येतो, कारण सुकला की वाया. मी एक सोललासुद्धा. आत कांद्यासारखे पदर. हातात पुरावा होता हो! आणि मी काय केलं, तर त्या माणसाला मेसेज. ‘मॅडम, कंद लहान आहेत, लावा, फुलतील.’ मी चांगलं शेणखत घालून वीसही लावले. तो अर्धा तास आठवला की अजून संताप होतो.

जानेवारीत गवतासारखी बारीक पानं आली. तक्रार केली तर म्हणे बदलून देतो, फक्त कुरिअरचे २९९ भरा. भरले. बुडालेले पैसे सुटतील असं वाटतं अशा वेळी, कुणालाही वाटेल. लगेच नंबर ब्लॉक. जूनच्या पहिल्या पावसानंतर गुलाबी रेन लिली फुलली, जी शेजारच्या वहिनी ओंजळभर फुकट देतात.

बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. चौकीत पाऊण तास बसवलं आणि वर विचारलं, ‘काकू, फुलं आली ना? मग फसवणूक कसली?’ दुसऱ्या खेपेला साहेब नाहीत, तिसऱ्या खेपेला मेसेजच्या प्रिंट आणा, चौथ्या खेपेला त्या रंगीत हव्यात. अर्ज घेतल्याची पोच आजतागायत नाही. दोन हजार म्हणजे पैसे नाहीत का? माझ्यासारख्या किती जणींचे दोन-दोन हजार त्याने गोळा केले असतील, हे एकानेही विचारलं नाही.

पार्सल फोडताना व्हिडिओ काढा. कंद आधी शीतगृहात थंड ठेवलेले आहेत का विचारा. त्याशिवाय आपल्याकडे ओरिएंटल लिली नीट फुलत नाही आणि फसवणाऱ्याला हा प्रश्नच कळत नाही. पैसे गेले तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला त्याच दिवशी फोन करा, माझ्यासारखे सात महिने घालवू नका. बदलीसाठी एक रुपयाही देऊ नका.

ती जाहिरात काल पुन्हा दिसली. नर्सरीचं नाव वेगळं, निळ्या फुलाचा फोटो तोच.